गुळाचा दिवस

माझी मुलगी आठ वर्षांची झाली तरी तिला वाचता येत नव्हतं, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवतो. या दोन गोष्टी मी कधी एका दमात कुणापुढे बोललो नाही. शिक्षण परिषदेत कुणी सहज विचारलं, सर, मुलगी कितवीला, की मला एकदम तहान लागायची आणि मी पाण्याची बाटली उघडायचो. तोवर विषय बदललेला असे.

आधी आम्ही तिला आमच्या वाशिमकडच्या मालेगावातल्याच एका इंग्रजी शाळेत घातलं होतं. टाय, बेल्ट, शनिवारी पांढरे बूट. सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की पोरगी उलटी करायची. मी म्हणायचो, होईल सवय, सगळ्यांना होते. दिवाळीच्या सुमारास तिनं बोलणंच सोडलं. शाळेत तर नाहीच, घरीसुद्धा नाही. भूक लागली की आईचा पदर ओढायची, तहान लागली की माठाकडे बोट दाखवायची. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले आणि टॉनिक लिहून दिलं. बायकोनं टॉनिकची बाटली कपाटात ठेवून दिली आणि एक दिवस मला न विचारता पोरीला घेऊन त्या गोठ्यातल्या शाळेत गेली.

गोठा म्हणजे खरोखरचा गोठा. डांबरी रस्ता सोडून पांदणीनं आत गेलं की सोयाबीनच्या वावराच्या कडेला तो लागतो. बैल विकले तेव्हापासून तो रिकामाच होता. आता तिथं गव्हाणीत पुस्तकं होती, खुंट्यांना दप्तरं अडकवलेली असत आणि आढ्याला नांगराचा जुना फाळ टांगला होता, तीच घंटा. शाळा चालवणाऱ्या ताई त्या घरच्या सूनबाई. पुण्यात शिकलेल्या, लग्नानंतर इकडे आलेल्या आणि आल्या त्या इथल्याच होऊन गेलेल्या. मुलं दहा-बारा. वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत, गणवेश नाही. या सगळ्याला त्यांनी मान्यता कशी मिळवली ही वेगळीच कथा आहे, आणि ती ऐकून माझ्यातला सरकारी माणूस गार पडला होता.

तिथं जायला लागल्यावर महिनाभरानं एका सकाळी मी दाढी करत असताना मागून आवाज आला, "आई, ताईच्या बकरीले दोन पिल्लं झाले." मी आरशातच पाहत राहिलो. अर्ध्या गालाला साबण तसाच. बायको स्वयंपाकघरात रडत होती आणि रडता रडता तिला विचारत होती, कोणत्या रंगाचे, किती मोठे, उभे राहतात का. त्या दिवसानंतर शाळेबद्दल वाकडं बोलायला मला तोंड उरलं नाही. मनात मात्र बोलत होतोच.

कारण तिथं वाचायला लावत नसत. ताई रोज वाचून दाखवायच्या, ओळीखालून बोट फिरवायच्या, मुलं अंगावर रेलून बघायची. पण आता तू वाच, असं कुणी कुणाला म्हणायचं नाही, हा नियम. ज्याला ज्या दिवशी येईल त्या दिवशी त्यानं आपण होऊन सांगायचं. मग त्याच्या घरी निरोप जायचा. घरचं माणूस यायलाच हवं, येताना गूळ-फुटाणे आणायला हवेत. एका मोठ्या खोक्यात छापील कागद भरलेले असत. खताच्या पिशव्या, लग्नपत्रिका, वर्तमानपत्रं, औषधाच्या बाटल्यांची वेष्टणं, पालक जे आणून देतील ते. पोरानं त्यातून एक कागद काढून सगळ्यांना वाचून दाखवायचा आणि मग स्वतःच्या हातानं गूळ वाटायचा. मुलं त्याला गुळाचा दिवस म्हणत. हे मला बायकोनं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं होतं आणि माझ्या वर्गातल्या मागच्या ओळीतल्या पोरांनाही 'ळ' ओळखता येतो हे मनात म्हटलं होतं.

तरी मी धीर धरला. खोटं कशाला सांगू, एप्रिलमध्ये जयंतीचा तो प्रसंग झाला नसता तर कदाचित आणखी धरला असता.

आमच्या विहारात जयंतीच्या संध्याकाळी लहान मुलं एकेक परिच्छेद वाचतात. पुस्तक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातं. समोर सगळी वस्ती बसलेली, पांढरे कपडे, पुढच्या रांगेत म्हातारी माणसं आणि त्यांच्यात माझा बाप. पुस्तक माझ्या पोरीच्या हातात आलं. तिनं ते उघडून पाहिलं, चित्र आहे का बघितलं, आणि माइकमध्ये अगदी मोकळेपणानं सांगितलं, "मले अजून वाचता येत नाही." आणि पुस्तक शेजारच्या मुलाला दिलं. तिला त्यात काही कमीपणा वाटला नाही. मागून कुणी तरी म्हणालं, मास्तरची पोरगी हाय न हे, आणि दोन-तीन माणसं हसली. वाईट हसली नाहीत. तेवढंही मला पुरलं.

आमच्या घरात वाचणं ही काही नुसती येण्या-न येण्याची गोष्ट नाही. माझा आजा दुसऱ्यांच्या वावरात राबला आणि अंगठा देत मेला. माझ्या बापानं ढोरं चारता चारता अक्षरं गिरवली, एसटीत कंडक्टर झाला, आणि आजही रोज सकाळी ओट्यावर बसून पेपर मोठ्यानं वाचतो, कुणी ऐको न ऐको. त्या रात्री जेवताना त्यानं ताटातून मान वर केली नाही. हात धुताना मला म्हणाला, "आपल्या घरातलं वाचता न येनारं शेवटचं मानूस माह्या बापासंगच गेलं, असं समजत होतो मी."

बाप ओरडला असता तर मी उलटून बोललो असतो. तो ओरडला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पोरीला पहाटे गच्चीवर घेऊन बसू लागलो. बायकोला सांगितलं, जरा अक्षरओळख करून घेतो. ती नाराज होती, पण मला इतकी वर्षं ओळखत असल्यामुळे गप्प बसली. मी दुसऱ्यांच्या पोरांना ज्या हातोटीनं शिकवतो, ती हातोटी स्वतःच्या पोरीपुढे कुठं गेली कोण जाणे. चौथ्या मिनिटाला माझा आवाज चढायचा. आवाज चढला की ती माझ्या ओठांकडे बघायला लागायची, कागदाकडे नाही, आणि मी काय म्हणतो ते जसंच्या तसं म्हणायची. तिला येणारी अक्षरंही त्या गच्चीवर येईनाशी झाली. एका पहाटे तिनं माझ्या प्रश्नाला उत्तर न देता पाण्याच्या टाकीकडे नुसतं बोट दाखवलं. मला ती इंग्रजी शाळेतली दिवाळी आठवली. शहाण्या माणसानं तिथं थांबायला पाहिजे होतं.

मी थांबलो नाही, फक्त रस्ता बदलला. अक्षरं सोडली आणि पाठांतर धरलं. पाठांतर तिला पटकन होत होतं, आणि पाठ झालं की माझा आवाज खाली यायचा, म्हणून तिलाही ते बरं वाटू लागलं. मजकूर निवडला तोही माझ्या मास्तरकीला साजेसा. मुलांची गोष्ट घेतली असती तर कुणाला काय वाटलं असतं? मी पेरणीच्या हंगामात वाटतात ते सोयाबीनचं माहितीपत्रक घेतलं, चांगलं पिवळ्या कागदाचं, जोडाक्षरांनी भरलेलं. आठ वर्षांची पोर 'उगवणशक्ती' असं खणखणीत म्हणते म्हटल्यावर विहारातले ते दोन-तीन हसणारे काय करतात ते मला बघायचं होतं. पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासून घ्यावी. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत मांडावेत. गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवावी. असं पानभर. जूनपर्यंत ती ते झोपेतून उठवलं तरी म्हणू शकत होती.

शाळा सुरू झाली. एका सकाळी मी घरची रद्दी घेऊन गोठ्यात गेलो आणि खोक्यात ओतली. ते पिवळं पत्रक सगळ्यात वर राहील असं ठेवलं. ताईंनी आभार मानले. परत निघताना मी पोरीच्या कानात म्हणालो, "उद्या ताईले सांगजो, मले येते म्हणून. पिवळा कागद काढजो." तिनं विचारलं, "पण बाबा, मले येते काय?" मी म्हणालो, हो, येते की. एवढं पानभर म्हणतेस ते काय आहे मग?

निरोप आला. बायकोच्या बचत गटाची त्या दिवशी बैठक होती, आणि ती सोडून मीही येते असं ती म्हणत होती. मीच तिला म्हणालो, तू राहू दे, मी जातो. गूळ घेतला, फुटाणे घेतले, इस्त्रीचा शर्ट घातला. बापाला सांगितलं, संध्याकाळी नातीकडून ऐका. त्यानं चष्मा पुसला.

गोठ्यात मुलं अर्धवर्तुळ करून बसली होती. मला मुद्दाम पुढं, गोणपाटाच्या घडीवर बसवलं. पोरीनं खोक्यातून पिवळा कागद काढला आणि उभी राहून सगळा म्हणून दाखवला. कुठं अडली नाही. 'उगवणशक्ती'वर तर मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढत होतो. तो मी शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणार होतो, हेही सांगून टाकतो.

मग मला माहीत नसलेली गोष्ट झाली. वाचून झाल्यावर गूळ लगेच वाटत नाहीत. आधी प्रत्येक पोर वाचणाऱ्याकडे येतं, कागदावर आपल्याला आवडेल त्या शब्दावर बोट ठेवतं आणि विचारतं, हा कोणता. वाचणाऱ्यानं सांगायचं. तो शब्द त्या पोराचा. दिवसभर तो घोकायचा, मातीत लिहायचा, घरी न्यायचा. ती परीक्षा नव्हतीच. ते वाचणाऱ्यानं द्यायचं देणं होतं.

पहिल्या मुलीनं पहिल्याच शब्दावर बोट ठेवलं, ते जमलं. दुसऱ्यानं 'उगवणशक्ती'वर ठेवलं. पोरीचे ओठ हलले, मनात सुरुवातीपासून म्हणत ती तिथवर आली आणि बरोबर सांगितलं. ते ओठ मला ओळखीचे होते. मग सगळ्यात लहान मुलगी पुढं आली. ती मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरची, आईबाप ऊसतोडीला गेले की इथं मावशीकडे राहायची आणि आता इथलीच झाली होती. तिनं वरून तिसऱ्या ओळीत बोट ठेवलं. माझी पोरगी म्हणायला लागली, ओठातल्या ओठात, पहिल्या ओळीपासून. तिथं पोचेपर्यंत मोजणी चुकली असावी. म्हणाली, "गोणपाटाची." लहानीला तो शब्द फार आवडला. तो तोंडात घोळवत ती जागेवर जाऊन बसली.

तेव्हा माझ्या पोरीच्या शेजारी उभा असलेला एक मुलगा, ज्याचा गुळाचा दिवस आधीच होऊन गेला होता, कागदाकडे वाकून म्हणाला, "थे तं 'सावलीत' आहे. 'स' आहे न हा." त्याच्या आवाजात खोडी नव्हती. लहानीला चुकीचा शब्द गेला, एवढंच त्याला वाटलं. लहानी परत आली, पुन्हा बोट ठेवलं आणि वाट बघू लागली. पोरीनं पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. मधेच थांबली. मग नुसती उभी राहिली.

ताई जवळ गेल्या आणि हळूच विचारलं, पाठ आहे का हे तुला. तिनं मानेनंच हो म्हटलं. ताई पुढं काही बोलणार तेवढ्यात मुलांपैकीच कुणी तरी विचारलं, कोनं करून घेतलं. मुलांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं, कारण असं तिथं आधी कधी झालं नव्हतं.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "माझं मीच केलं. बाबाले माहीत नाही."

सगळे माझ्याकडे वळले. आणि मी काय केलं? मान डोलावली. मलाही आत्ताच कळतंय, अशा चेहऱ्यानं मी तिथं गोणपाटावर बसून मान डोलावली. वर मोबाइल खिशात टाकताना "अरेरे" असंही म्हणालो. ते 'अरेरे' मला अजून ऐकू येतं आणि एकटा असलो तरी कान गरम होतात.

मुलं हसली नाहीत. ताई म्हणाल्या, ठीक आहे, गूळ घरी घेऊन जा, जेव्हा येईल तेव्हा आणा, काही घाई नाही. त्यांनी माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. त्यांना कळलं की नाही, मी कधी विचारलं नाही. गाडीवर पोरगी माझ्यामागे शर्ट धरून बसली होती. बापाला मी म्हणालो, कार्यक्रम पुढं गेला.

गुळाची पिशवी परत आलेली बघून बायकोनं पोरीला विचारलं. पोरीनं तिलाही तेच सांगितलं, मीच केलं म्हणून. बायकोनं सगळं ऐकून घेतलं. सोयाबीनचं पत्रक आठ वर्षांची पोर आपण होऊन पाठ करते, यावर विश्वास ठेवायला ती काही खुळी नव्हती. पोरगी झोपायला गेल्यावर तिनं मला एकच विचारलं, "तुमी तं तिथंच बसले होते न?" मी हो म्हणालो. तिनं गुळाची पिशवी कपाटात ठेवून दिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पावसाळाभर मी पोरीवर लक्ष ठेवून होतो. माझा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. ही पुन्हा मुकी होईल का. ती बोलत होती. बकरीचं सांगायची, शेंगांचं सांगायची, भांडणं सांगायची. फक्त वाचण्याचं काही सांगत नव्हती. ताई वाचून दाखवतात तेव्हा ती आता मागं बसते, असं बायकोला कळलं. आम्ही दोघांनी त्या विषयाला हात लावला नाही. माझा बाप सकाळी पेपर वाचायला बसला की ती उठून आत जायची.

दिवाळीनंतर बायको माहेरी, वाशिमच्या पुढं रिठदला गेली होती. तिला आणायला मी आणि पोरगी निघालो. मालेगावच्या स्टँडवर वाशिमच्या गाडीची वाट बघत उभे होतो. मी मोबाइलमध्ये डोकं घालून. एक गाडी लागली, लोक धावले, मीही पोरीचा हात धरून धावलो. पायरीवर पाय ठेवला तेवढ्यात तिनं हात ओढला. "बाबा, हे मेहकरची आहे."

मी वर पाटी बघितली. मेहकरच होतं. आम्ही खाली उतरलो, बाकावर जाऊन बसलो. समोर रसवंतीचा फलक होता, तो तिच्याकडून वाचून घ्यावा असं क्षणभर मनात आलं आणि मी स्वतःलाच मनातल्या मनात शिवी दिली.

"तुले वाचता येते?" मी विचारलं.

"हाव."

कधीपासून, ते तिला सांगता येईना. गणपतीपासून असेल म्हणाली. आबांचा, म्हणजे माझ्या बापाचा, पेपर आतल्या खोलीतून ऐकायची आणि मग दुपारी तोच पेपर घेऊन बसायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघितलंही नव्हतं. ताईला सांगितलं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली.

"काहून नाही सांगतलं?"

ती पाय हलवत बसली होती. "मंग तुमाले बोलवा लागन," ती म्हणाली.

मी म्हणालो, आई येईल ना. ती म्हणाली, आई आली तर पोरं विचारतील की बाबा का नाही आले. ती रागावलेली नव्हती. घरात एखादं माणूस आजारी असलं की आपण पाहुण्यांना बाहेरच्या बाहेर कसं परतवायचं याचा विचार करतो, तसा तिनं तो केला होता. कितीतरी दिवस केला होता. वाशिमची गाडी आली, तिनंच आधी पाहिली.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या सकाळी मी ठरवून निघालो. काय बोलायचं ते आंघोळ करताना दोनदा म्हणून पाहिलं होतं. तुमची मैत्रीण खोटं बोलली नव्हती, मी बोललो होतो, मीच करून घेतलं आणि वर मान डोलावली. दहा-बारा मुलांपुढे एवढंच बोलायचं होतं. रोज मी तिला फाटकाशी सोडून वळतो. त्या दिवशी गाडी तिथंच उभी केली आणि तिच्यामागे आत निघालो. ती थांबली. मागं वळून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला सगळं कळलं.

"तुमी नोका येऊ, बाबा," ती म्हणाली. "पोरं आता विसरले थे."

ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. पांदणीतून पळत गेली, तिकडून लहानीनं तिला हाक मारली. मी फाटकाला हात लावून उभा होतो. अजूनही आत जाता आलं असतं, वीस-पंचवीस पावलांवर गोठा होता. मी गाडी काढली आणि माझ्या शाळेच्या रस्त्याला लागलो. आणि मला बरं वाटलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं चक्क बरं वाटलं, एका ठिकाणी तर मी शीळसुद्धा घातली. तिचा गुळाचा दिवस अजून झालेला नाही.